अंगणातली शहाबादी

आज अंगणातली शहाबादी बसवून झाली. फरशी बसवायला एक दिवस लागला, खालच्या तयारीला तीन. तेच प्रमाण बरोबर आहे.

मुरूम चार इंच, पाणी मारून धुमसलेला. त्यावर तीन इंच कोबा, म्हणजे काँक्रीटचा थर. ढाळ कोब्यातच काढायचा, घरापासून बाहेरच्या बाजूला, दहा फुटाला दीड इंच. नंतर मालात, म्हणजे फरशीखालच्या सिमेंट-वाळूत, ढाळ काढू म्हणणाऱ्या गवंड्याला तिथेच थांबवा. एका टोकाला माल तीन इंच जाड होतो आणि सुकताना फरशी खाली बसते.

शहाबादी जाडीला सारखी नसते. एक फरशी इंचभर, दुसरी दीड इंच. म्हणून आधी जाडीप्रमाणे थप्प्या लावा, सर्वांत जाड फरशीवरून दोरी बांधा. माल एकास सहा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, मुठीत गोळा होईल इतपतच ओला. फरशी भिजवलेली, पाठ धुतलेली, पाठीला सिमेंटची पातळ रबडी. रबरी हातोड्याने ठोकली की आवाज ऐका. भरीव आला तर ठीक, डबडब वाजली तर लगेच उचला. पोकळी बहुतेक कोपऱ्याखाली असते आणि कुंडी ठेवली की नेमका तोच कोपरा तुटतो.

सांधे पाव इंच, दुसऱ्या दिवशी एकास तीनने भरायचे. सात दिवस ओलं गोणपाट.

सिमेंटचे डाग ॲसिडने काढू नका. हा चुनखडीचा दगड, ॲसिड पडताच फेसाळतो आणि पांढरा पडतो. डाग ओला असतानाच फडक्याने पुसायचा.