एप्रिलची पत्रं आणि चौथ्या वर्षाचं बिल

३ एप्रिल

मार्चअखेरपर्यंत कॉलेज ॲडमिशनचे निकाल लागतात आणि मग एप्रिलभर अमेरिकेतल्या मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर एकच विषय. कुठून किती मिळाले? 'तीस हजारांची स्कॉलरशिप' ही बातमी व्हॉट्सॲपवर पेढ्यांसारखी वाटली जाते. ते तीस हजार कशातून वजा करायचे, हे मात्र कोणी विचारत नाही.

आज फक्त पत्र वाचण्याबद्दल. ऑफर लेटर, म्हणजे कॉलेजने किती मदत देऊ केली ते सांगणारं पत्र, छापून घ्यायचं आणि तीन रंगांची पेनं घेऊन बसायचं. ग्रँट आणि स्कॉलरशिप, म्हणजे परत न करायचे पैसे, हिरव्याने, कर्ज लाल, वर्क-स्टडी पिवळी. वर्क-स्टडी म्हणजे मुलाने लायब्ररीत किंवा मेसमध्ये तास भरले तर हातात येणारा पगार. तो बिलातून वजा होत नाही, आणि काम शोधायचंही मुलानेच. पण पत्रात हे तिन्ही प्रकार एकाच रकान्यात, एकाच बेरजेत बसवलेले असतात आणि वर शीर्षक असतं 'तुमची एकूण एड'.

हा एखाद-दुसऱ्या कॉलेजचा चावटपणा नाही. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या अमेरिकी संसदेच्या तपासणी संस्थेने २०२२ च्या अहवालात अंदाज मांडला की ९१ टक्के कॉलेजं घरच्यांना प्रत्यक्ष पडणारी किंमत पत्रात एक तर देत नाहीत किंवा कमी दाखवतात. त्याआधी २०१८ मध्ये एका अभ्यासात अनसबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असतानाही व्याज चढणाऱ्या, कर्जाची १३६ वेगवेगळी नावं सापडली होती. त्यांतल्या २४ नावांत 'लोन' हा शब्दच नव्हता.

म्हणून नावाकडे बघू नये, आकड्याकडे बघावं. आई-बाबांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतं, दुसऱ्या वर्षी ६,५००, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ७,५००. पहिल्या वर्षाच्या ५,५०० मध्ये सबसिडाइज्ड भाग ३,५०० पर्यंतच. तेव्हा पत्रात ५,५०० किंवा ३,५०० अधिक २,००० दिसले की नाव काहीही असो, लाल पेन उचलायचं.

'पेरेंट प्लस' या नावाखाली पंधरा-वीस हजार लिहून शिल्लक शून्य दाखवलेली पत्रंही येतात. ते आई-बाबांच्या नावावरचं कर्ज. २०२५-२६ साठी व्याज ८.९४ टक्के, शिवाय ४.२२८ टक्के फी आधीच कापली जाते; म्हणजे १०,००० काढले की कॉलेजच्या खात्यात ९,५७७ पोचतात. १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० अशी मर्यादा आली आहे. पालक एच-वन-बीवर असतील तर हे कर्ज मिळतच नाही, मूल इथे जन्मलेलं असलं तरी. तो शून्य त्यांच्यासाठी नुसता कागदावरचा.

६ एप्रिल

तक्त्याचा दिवस. प्रत्येक कॉलेजला एक ओळ आणि सगळ्यांना रकाने तेच: ट्यूशन, फी, राहणं-जेवण, पुस्तकं, प्रवास, वरखर्च. काही पत्रांत फक्त ट्यूशन आणि फी असते, काहींत सगळं. ती तशीच शेजारी ठेवून तुलना केली की अर्धं पत्र स्वस्त वाटतं. प्रवासाचा आकडा कॉलेजचा घेऊ नये, तो ठोकळेबाज असतो. थँक्सगिव्हिंग, डिसेंबर, स्प्रिंग ब्रेक आणि मे, या चार फेऱ्यांची तिकिटं आपणच बघून लिहावी. गाडीने तीन तासांत पोचता येणारं कॉलेज इथे बरंच पुढे जातं.

मग फक्त हिरवे आकडे वजा करायचे. उरलं ते एका वर्षाचं. खरं काम पुढे आहे.

उदाहरणादाखल दोन कॉलेजं घेऊ. 'क' खासगी: खर्च वर्षाला ८८,०००, मेरिट (गुणवत्तेवर मिळणारी स्कॉलरशिप) ३०,०००. 'ख' राज्यातलं सरकारी: खर्च ३८,०००, मेरिट शून्य. खर्च दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढतो असं धरू. मेरिट साधारणपणे पहिल्या दिवशी ठरलेल्या रकमेलाच थांबलेलं असतं. त्यामुळे वाढीचा सगळा भार आपल्यावर. 'क'मध्ये पहिल्या वर्षी ५८,००० द्यावे लागतात, चौथ्या वर्षी जवळपास ६९,०००. खर्च वाढला साडेबारा टक्क्यांनी, आपला वाटा एकोणीस टक्क्यांनी. चार वर्षांचे 'क'चे २ लाख ५४ हजार, 'ख'चे १ लाख ६१ हजार. ज्या कॉलेजने दमडी दिली नाही, ते ९२ हजारांनी स्वस्त.

याचा अर्थ 'ख' घ्यावं असा नाही. पण तीस हजारांचे पेढे वाटण्याआधी ही बेरीज झालेली बरी.

वाढीचा दर सगळीकडे सारखा नसतो. पर्ड्यूने २०१३ पासून मूळ ट्यूशन वाढवलेली नाही. तिथे चौथ्या वर्षाचा अंदाज सोपा. उलट काही विद्यापीठांत इंजिनीअरिंग आणि बिझनेसला तिसऱ्या वर्षापासून ट्यूशनचा दर वेगळा लागतो, आणि पत्र असतं पहिल्या वर्षाचं. वेबसाइटवर फी-पत्रक शोधून वरच्या वर्गाचा दर बघून घ्यावा.

९ एप्रिल

मेरिटच्या अटी. यावर जास्त लिहायला हवं, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच निसटतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट: आयव्ही लीगच्या आठही कॉलेजांत मेरिट नावाचा प्रकार नाही. तिथे जी एड मिळते ती घरची परिस्थिती बघूनच. मेरिट देतात ती चांगले विद्यार्थी ओढू पाहणारी खासगी कॉलेजं आणि परराज्यातल्या मुलांना बोलावणारी सरकारी विद्यापीठं. अलाबामा विद्यापीठ तर जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेचा तक्ताच जाहीर करतं. आपले आकडे त्यात बसवले की अर्ज करण्याआधीच रक्कम कळते. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत आणखी एक खुबी आहे. किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तर परराज्यातल्या विद्यार्थ्याला राज्यातल्या दराने ट्यूशन लागू शकते. हजारापेक्षा ती सवलत कितीतरी मोठी.

आता अट. पत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत 'नूतनीकरण' असतं. त्यात दोन आकडे शोधायचे, जीपीए आणि क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचं माप. ३.० आणि ३.५ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शाळेत सगळे ए घेणारं मूल इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी कॅल्क्युलस, फिजिक्स आणि केमिस्ट्री एकत्र घेतं आणि दोन बी, एक सी येतो. ३.५ ची अट तिथेच मोडते.

क्रेडिटची अट आणखी फसवी. वर्षाला ३० क्रेडिट हवेत असं लिहिलेलं असतं. मुलगी ऑक्टोबरात एक जड विषय सोडते, जीपीए वाचतो, पण वर्षाअखेर भरतात २६. मार्क उत्तम आणि स्कॉलरशिप गेली. उन्हाळ्यात चार क्रेडिट करून भरपाई चालते का, कम्युनिटी कॉलेजमधले चालतात का, हे आधी विचारलेलं असलं तर तो विषय सोडायचा की नाही हे ठरवता येतं.

जॉर्जियाची होप स्कॉलरशिप १९९३ पासून लॉटरीच्या पैशांवर चालते. ती टिकवायला ३.० लागतं, तिच्या वरच्या पायरीच्या झेल मिलर स्कॉलरशिपला ३.३, आणि ३०, ६०, ९० क्रेडिटच्या टप्प्यांवर तपासणी होते. निदान तिथे नियम उघड्यावर आहेत.

कॉलेजला ईमेलनेच विचारावं, फोनवरचं उत्तर नंतर सापडत नाही. किती सेमिस्टर मिळणार? जीपीए घसरला तर थेट बंद, की एक सेमिस्टर संधी? मेजर बदलला तर? को-ऑपला, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून नोकरीला, गेलं किंवा डॉर्म सोडून बाहेर राहिलं तर? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. काही स्कॉलरशिप कॅम्पसवर राहण्याला बांधलेल्या असतात, आणि बाहेरची खोली स्वस्त म्हणून घेतली की त्या जातात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.

बाहेरच्या शिष्यवृत्त्यांचंही असंच. स्थानिक मंडळाने कौतुकाने हजार डॉलर दिले आणि कॉलेजने आपली ग्रँट हजाराने कापली, असं होतं. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना यावर बंधन घातलं. इतरत्र एवढं तरी मागून बघावं की कापायचंच तर आधी कर्ज आणि वर्क-स्टडी कापा, ग्रँटला हात नको.

१३ एप्रिल

एकाच घराला दोन कॉलेजं इतके वेगळे आकडे कसे देतात? कारण मोजपट्ट्या दोन आहेत. फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, सरकारची, फुकट. सीएसएस प्रोफाइल, तसाच दुसरा अर्ज, कॉलेज बोर्ड या संस्थेची, पैसे भरून, आणि ती मागतात मुख्यतः खासगी कॉलेजं. राहत्या घराची किंमत फॅफ्सा विचारत नाही, प्रोफाइल विचारते. एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असतील तर मिळणारी सवलत फॅफ्साच्या सूत्रातून २०२४-२५ पासून गेली. प्रोफाइलवाली बरीच कॉलेजं ती अजून धरतात. जुळ्यांच्या घरी हे वाचून ठेवावं.

पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट दोन्हीकडे दाखवावा लागतो, कारण ते राहतं घर नाही. भारतातल्या एफडीही. एनआरई खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये येतं आणि तिथून फॅफ्सात. 'तिकडचं कोणाला कळतंय' या भरवशावर सही करू नये. फॅफ्सात पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के हिस्सा धरला जातो, मुलाच्या नावावरच्या पैशांचा मात्र २० टक्के. आजोबांनी नातवाच्या नावावर टाकलेले दहा हजार इथे दोन हजारांना पडतात. ४०१-के आणि आयआरएमधली शिल्लक, म्हणजे निवृत्तीचे पैसे, फॅफ्सा मोजत नाही.

एच-४ वरच्या, म्हणजे एच-वन-बी पालकांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलाला फेडरल एड नाही. मेरिट मिळू शकतं. पण एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि मूल बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातं, तेही पदवीच्या मधोमध. तेव्हा राज्यातल्या रहिवाशाचा दर टिकतो का, ते विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला आत्ताच विचारायचं.

१८ एप्रिल

अपील. आकडा मान्य नसेल तर पत्र लिहिता येतं. मेरिट वाढवून हवं असेल तर ॲडमिशन ऑफिसकडे, परिस्थिती बदलली असेल तर फायनान्शियल एड ऑफिसकडे. चुकीच्या दारावर थाप मारली की आठवडा फुकट जातो, आणि एप्रिलात आठवडे चारच.

परिस्थितीचं अपील जास्त चालतं, कारण २०२६-२७ चा फॅफ्सा २०२४ चं उत्पन्न बघतो. मधे नोकरी गेली असेल तर फॅफ्साला पत्ताच नसतो. नोकरी संपल्याचं पत्र, शेवटची पगाराची पावती, सेव्हरन्सचा आकडा आणि या वर्षीच्या उत्पन्नाचा महिनावार अंदाज, एवढं जोडायचं. भारतात आईच्या ऑपरेशनसाठी पाठवलेले पैसे असतील तर हॉस्पिटलची बिलं, बँक ट्रान्सफरच्या पावत्या आणि डॉलरमधला हिशेब. काही कॉलेजं हे मानतात, काही नाही.

पत्र एका पानाचं. 'आम्हाला परवडत नाही' एवढ्याने काही होत नाही. 'आम्ही ४१,००० देऊ शकतो, तुमचा आकडा ४७,००० आहे' असं लिहिलं तर समोरच्याला काम करता येतं. दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडायचं तर ते तोडीचं हवं. आणि भाजी मंडईतला सूर नको. उत्तर १ मेपर्यंत, म्हणजे जागा पक्की करण्याच्या दिवसापर्यंत, आलं नाही तर डिपॉझिटची मुदत वाढवून मागावी, लेखी.

अर्ली डिसिजनवाल्यांना, म्हणजे आधीच एका कॉलेजला बांधून घेतलेल्यांना, यातलं फारसं काही करता येत नाही. त्यांची तुलना नोव्हेंबरातच संपलेली असते. कॉलेजच्या वेबसाइटवरचा, घरच्यांना पडणाऱ्या किमतीचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर तेव्हाच भरायला हवा होता.

२३ एप्रिल

दोन किरकोळ वाटणाऱ्या नोंदी. कॉलेजचा आरोग्य विमा बिलात आपोआप लागतो, आणि तो काही हजारांत असतो. पालकांच्या विम्यावर मूल २६ वर्षांपर्यंत राहू शकतं, तेव्हा वेव्हर, म्हणजे कॉलेजचा विमा नको असा फॉर्म, भरायचा. मात्र आपला एचएमओ (ठरावीक डॉक्टरांपुरता विमा) त्या राज्यात चालतो का ते बघून.

करांचं: राहण्या-जेवणावर खर्च होणारी स्कॉलरशिप मुलाचं करपात्र उत्पन्न ठरते. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, म्हणजे करातली सूट, वर्षाला २,५०० पर्यंत, पहिल्या ४,००० च्या खर्चावर. तेवढे ४,००० '५२९' या कॉलेज-बचत खात्यातून काढू नयेत. जोडप्याचं उत्पन्न १ लाख ८० हजारांवर असेल तर हे क्रेडिट विसरा. आयटीतल्या दोन पगारांच्या घरी ते बहुधा नाहीच.

२७ एप्रिल

तक्ता मुलाला दाखवायचा की नाही यावर घराघरांत दोन मतं. माझं मत सरळ आहे: फेडरल कर्जावर सही त्याची, तर आकडाही त्याने बघावा. चार वर्षांचं पूर्ण २७,००० घेतलं, व्याज ६.३९ टक्के धरलं, तर दहा वर्षं महिना सुमारे ३०५ डॉलर. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळं. सतरा वर्षांच्या मुलाला '२७ हजार' म्हणून काही उमगत नाही, 'महिना ३०५' लगेच उमगतं.

डिपॉझिट एकाच कॉलेजात भरायचं. बाकीच्या पोर्टलवर नकार नोंदवायचा.

जुलैत पहिलं बिल येईल. त्यावर प्रत्येक हिरवा आकडा निम्माच दिसेल, कारण तो दोन सेमिस्टरांत वाटलेला असतो. फेडरल कर्ज तर फी कापून आणखी थोडं कमी दिसेल, आणि वर्क-स्टडी दिसणारच नाही.