छोट्या मालवाहू व्हॅनची कॅम्पर करताना: आधी ओल, मग वजन, शेवटी सुतारकाम

व्हॅनमध्ये राहायची सोय करायची म्हटलं की सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येतो पलंग, मग ओटा, मग छताला लावलेले छोटे दिवे. व्हॅन राहण्यालायक होते की नाही, हे मात्र त्याच्या कितीतरी आधी ठरतं. उघड्या पत्र्यावर साचणारं पाणी, चाकांवर येणारं वजन आणि वायरची जाडी या तीन गोष्टी नीट बसल्या की सुतारकाम आपोआप रांगेला लागतं. माझी व्हॅन तयार करताना मी हाच क्रम धरला होता आणि आज कुणी विचारलं तर हाच सांगेन.

मोठी, आत उभं राहता येईल अशी व्हॅन मला नकोच होती. साध्या गाडीच्या जागेत उभी राहणारी, अरुंद रस्त्यावर न अडणारी आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत सामान वाहायला मोकळी होणारी गाडी हवी होती. म्हणून पहिला नियम ठरला: जे बसवायचं ते हाताने उचलून बाहेर काढता आलं पाहिजे. ही कल्पना जुनीच आहे. १९५१ साली वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढली, ती याच विचाराने. आठवडाभर गाडी मालाला, सुट्टीला मुक्कामाला. आज तयार मिळणारे चकचकीत संच पाहते तेव्हाही मला त्या साध्या पेटीचं शहाणपण जास्त पटतं.

मोजमाप घेताना मी टेप लावून थांबले नाही, पुठ्ठा कापून सगळं आत मांडून पाहिलं. मालाच्या जागेची लांबी १.८ मीटरच्या थोडी वर, चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर सुमारे १.२ मीटर आणि उंची १.२५ मीटर. निर्णायक ठरली ती उंची. ताठ बसलं की माझ्या बैठकीपासून डोक्यापर्यंत ९० सेंटिमीटर होतात. जमिनीचं आणि छताचं अस्तर धरून ६ सेंटिमीटर गेले, राहिले ११९. त्यातून ९० वजा केले की उरतात २९. गादी ८ सेंटिमीटरची धरली तर पलंगाच्या खोक्याला मिळतात फक्त २१. याहून उंच केला असता तर खाली सामान भरपूर मावलं असतं, पण आत मान वाकवूनच बसावं लागलं असतं. पावसात अडकून दुपार आतच काढायची वेळ येते तेव्हा ताठ बसता येणं ही चैन उरत नाही. पलंग बुटकाच ठेवला.

बहीण आणि मी दोघी झोपणार आणि दोन सायकलीही न्यायच्या, म्हणून पलंग लांबीत दुभागला. प्रवासात एक भाग दुसऱ्यावर दुमडतो आणि मोकळ्या झालेल्या बाजूला सायकली उभ्या राहतात. पुढचं चाक काढायचं आणि फोर्क जमिनीवरच्या पकडीत अडकवायचा. मुक्कामाला पोचलं की सायकली बाहेर कुलपात आणि पलंग उघडा.

आता ओलीबद्दल, कारण माझ्या मते सगळं काम इथे जिंकलं किंवा हरलं जातं. दोन माणसं रात्रभर बंद जागेत झोपली की श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटर तरी पाणी हवेत जातं. आतली हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर तिचा दवबिंदू १२ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे बाहेर थंडी पडून पत्रा १२ अंशांच्या खाली गेला की त्याच्या आतल्या बाजूला थेंब धरणारच. सकाळी दिसणारं पाणी पुसता येतं. अस्तराच्या मागे, छताच्या आडव्या पट्ट्यांच्या खोबणीत उतरलेलं पाणी दिसत नाही. ते तिथेच राहतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो.

त्यामुळे उष्णता अडवायला काय वापरायचं, याचं उत्तर ‘पाणी न पिणारं काहीतरी’ असंच निघतं. काचेची लोकर घरात चांगली, पण हलत्या गाडीत ती खाली बसते आणि ओल धरून ठेवते. मी बंद छिद्रांचा, चिकटणारा फोम घेतला आणि पत्र्याला तो असा चिकटवला की मागे हवेची पोकळी राहूच नये. हवा मागे पोचली नाही तर बाष्पही पोचत नाही. त्याआधी पत्रा स्पिरिटने पुसून कोरडा केला. मोठ्या सपाट भागांवर ब्यूटाइलचे (म्हणजे चिकट रबराचे) आवाज दाबणारे तुकडे लावले. ते सगळीकडे लावायची गरज नसते. साधारण पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी पत्र्याचा खणखणाट थांबतो, आणि ब्यूटाइल जड असतं.

फोम सगळीकडे लावूनही मधले पोलादी खांब उघडे राहिले तर थंडी तिथूनच आत येते. पोलाद अशा फोमच्या हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून प्रत्येक खांबावर आणि आडव्या पट्टीवर पातळ फोमची पट्टी चढवली. जीव काढणारं, किरकिरं काम आहे, पण हात फिरवला की फरक कळतो: पट्टी चढवलेला खांब कोमट, उघडा राहिलेला बोल्ट बर्फासारखा. दारांच्या तळाशी पाणी निघून जायची छोटी भोकं कंपनीनेच ठेवलेली असतात, ती मात्र बुजवायची नाहीत.

अस्तर कितीही चांगलं असलं तरी बाष्प बाहेर काढायला वाट लागतेच. छतात पंखा बसवायचा म्हणजे धडधाकट गाडीला ३६ सेंटिमीटर चौरस भोक पाडायचं. ती जागा मी सावकाश निवडली. दोन आडव्या पट्ट्यांच्या मधे, मागच्या बाजूला, म्हणजे पुढच्या खिडक्यांच्या फटीतून आलेली हवा झोपलेल्यांच्या अंगावरून जाऊन मागून बाहेर पडते. आतून चारही कोपऱ्यांना बारीक भोकं पाडली, वर चढून ती भोकं जोडत रेघ मारली आणि कागदी चिकटपट्टीने रंग झाकला. जिगसॉला धातूचं, बारीक दातांचं पातं लावलं. बहीण आतून पत्रा धरून बसली होती, नाहीतर शेवटच्या बाजूला तो लोंबून कड वाकवतो. खाली प्लास्टिक अंथरलं होतं, कारण उडालेला पोलादी कीस रंगावर राहिला तर पहिल्याच ओलीत तिथे तांबडे ठिपके येतात. तरीही नंतर चुंबक कापडात गुंडाळून पूर्ण छतावरून फिरवला.

कापलेली कड कानशीने घासली, तिच्यावर गंजरोधक प्रायमर आणि मग रंग दिला, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावला नाही. मग ब्यूटाइलची पट्टी, वर चौकट, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत आणणं, आणि बाहेरून सीलंटचा थर. छताचा पत्रा लाटेसारखा असतो, त्यामुळे चौकटीखाली खाचा राहतात. त्या भरायला ब्यूटाइल दुहेरी लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी नळी धरून पाणी सोडलं, आत टिश्यू पेपर लावून बसले. कागद कोरडा राहिला, तेव्हा कुठे छताच्या अस्तराला हात घातला.

आता वजन. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचं आठ बाय चारचं एक पान ३२ ते ३६ किलोच्या आसपास भरतं, १२ मिलिमीटरचं त्याच्या दोन तृतीयांश. पलंगाला १८ मिलिमीटरच हवं, असं अनेक जण सांगतात. १२ मिलिमीटरच्या फळीला खालून उभ्या पट्ट्या योग्य अंतरावर दिल्या तर दोन माणसांचं वजन ती सहज घेते, असा माझा अनुभव आहे. फळीत गोल भोकं पाडली, वजन उतरलं आणि गादीखाली हवाही खेळू लागली. ती हवा नसेल तर गादीच्या पोटाला ओल धरते.

बसवलेलं सामान कशाला बांधायचं हा सौंदर्याचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. जोराच्या धडकेत वस्तू तिच्या वजनाच्या वीस-तीस पट जोराने पुढे येऊ शकते. दहा किलोची पेटी तेव्हा दहा किलोची राहत नाही. म्हणून पलंगाच्या चौकटी मी कंपनीनेच दिलेल्या, माल बांधायच्या कड्यांच्या बोल्टना पकडल्या. बाजूच्या भिंतीत रिव्हनट (पत्र्याच्या भोकात पक्के बसणारे, आत आटे असलेले नट) बसवले, कारण पातळ पत्र्यात थेट घातलेला स्क्रू हादऱ्यांनी सैल होतो. जमिनीला भोक पाडायच्या आधी प्रत्येक वेळी गाडीखाली झोपून पाहिलं. तिथे इंधनाची टाकी असते, ब्रेकच्या नळ्या असतात.

विजेचा हिशेब कागदावर केला तर सोपा आहे. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्टला १२८० वॉट-अवर देते. त्यातले ८० टक्के वापरायचे धरले तरी हजाराच्या वर मिळतात. साध्या शिसं-आम्लाच्या बॅटरीत निम्म्याच्या खाली उतरणं तिच्या आयुष्याला महागात पडतं. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज चालू असताना ४५ वॉटच्या आसपास घेतो आणि दिवसातला साधारण ४० टक्के वेळ चालतो, म्हणजे रोजचे सव्वाचारशे ते साडेचारशे वॉट-अवर. दिवे, फोन आणि पंख्याला यापुढे फार लागत नाही. दोन दिवस गाडी जागेवरून न हलवता निघतात. इंजिन चालू असताना डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या विजेवरून दुसरी बॅटरी भरणारं यंत्र, ही बॅटरी भरतो. या जातीची बॅटरी शून्य अंशांच्या खाली चार्ज केली तर बिघडते, म्हणून ती आतच, उबदार बाजूला ठेवली आणि थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) असलेलीच निवडली.

वायरच्या जाडीबद्दल मात्र कुणी हौसेने बोलत नाही. बारा व्होल्टवर तिचं महत्त्व फार आहे. बॅटरीपासून पाच मीटरवर १० अँपिअर न्यायचे तर जाऊन-येऊन वायर दहा मीटरची होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये तेवढ्यात ०.७ व्होल्ट गळतात. एवढं कमी झालं की बॅटरी अर्धी भरलेली असतानाही फ्रिजला ती संपल्यासारखी वाटते आणि तो बंद पडतो. ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती ०.३ व्होल्टच्या आत राहते. मी ६ची घेतली. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला जवळात जवळ बसवला. फ्यूज वायर वाचवायला असतो, आणि फ्यूजच्या आधीची वायर कुणीच वाचवत नाही.

स्वयंपाक आत करायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ लिटर पाणी बाष्प होऊन हवेत येतं. एवढ्या कष्टाने बाहेर काढलेली ओल पुन्हा आत कशाला आणायची? शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीशी, म्हणजे झोपायच्या उंचीलाच साचतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. मागचं दार वर उघडतं, त्याच्या छायेत सरकत्या फळीवर शेगडी राहते. तरीही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी आणि अग्निशामक सरकत्या दाराजवळ, आतून-बाहेरून दोन्हीकडून हात पोचेल असा.

पाण्याला टाकी-पंप काही नाही. दहा-दहा लिटरचे दोन कॅन आणि एक तोटी. खिडक्यांना फोमचे कापून बसवलेले पडदे आहेत, बाहेरून काळे. ते कडेला घट्ट बसले नाहीत तर मागे काच घामेजते, म्हणून पुठ्ठ्यावर कड उतरवून घ्यायला वेळ दिला.

नोंदणी आणि विम्याची चौकशी मी फळी कापायच्या आधी केली. मालवाहू गाडीत काय बसवलेलं चालतं, काय नोंदवावं लागतं हे जागोजागी वेगळं असतं. मागचं सगळं उचलून काढता येणारं आहे, जास्तीचं आसन बसवलेलं नाही, हे सांगितल्यावर बोलणं सोपं झालं. विमा कंपनीला फोटोसकट लेखी कळवलं.

सगळं बसल्यावर गाडी वजनकाट्यावर नेली. आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी. काम सुरू करण्यापूर्वी रिकाम्या गाडीचंही असंच वजन घेऊन ठेवलं होतं. दोन्ही आकड्यांतला फरक भरला १४० किलोच्या आसपास. कागदपत्रांवरची मर्यादा ६००ची. आम्ही दोघी, पाणी, कपडे, सायकली धरूनही पुरेशी जागा राहिली. मागच्या ॲक्सलवर मात्र अपेक्षेपेक्षा जास्त भार दिसला, म्हणून पाण्याचे कॅन पुढच्या आसनांच्या पाठीमागे आणले आणि टायरचा दाब दाराच्या चौकटीवरच्या पाटीत भरलेल्या गाडीसाठी दिलाय तेवढा केला.