भंडारदऱ्याचा वळसा आणि ओढ्यावरचा सव्वा तास

पन्नास किलोमीटर पळताना काय वाटलं, असं परत आल्यापासून सगळे विचारतात. मला बोलायचंय ते ओढ्याच्या काठावर उभ्या उभ्या घालवलेल्या सव्वा तासाबद्दल. माझा राग अजून तिथेच अडकलाय.

शर्यत भंडारदऱ्याची, ऐन जुलैतली. पहाटे साडेपाचला शेंडी गावाहून निघायचं, मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर गाठायचं, तिथून साम्रद, रतनवाडी आणि कोलटेंभे-मुतखेलच्या अंगाने परत शेंडी. म्हणजे विल्सन धरणाच्या अख्ख्या जलाशयाला वळसा. डांबरी रस्त्यानेही हा फेरा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा भरतो. आयोजकांनी जमेल तिथे रस्ता सोडून रानातल्या वाटा धरल्या होत्या, म्हणून आकडा ५० वर गेला. नोंदणी, डॉक्टरचं सर्टिफिकेट, आदल्या संध्याकाळी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेणं, सगळं सुरळीत झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

घाटघरपर्यंतही तक्रार नाही. या गावाला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं तरी पाऊस तोच आहे. कोकणकड्यावर फोटोसाठी थांबलेल्यांना पांढऱ्या ढगाखेरीज काही मिळालं नाही. मी थांबले नाही. चिखल होताच, पण चिखलात पळायचं तंत्र दोन-तीन किलोमीटरांत अंगवळणी पडतं: पावलं छोटी, टाच आधी टेकवायची नाही, आणि उतारावर मागे रेलायचं नाही, कारण मागे रेललेला माणूस हमखास बसतो. वाटेत सगळीकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती. बांधावरून जाताना पाय मधोमध टाका. घसरून खाचरात गेलात तर तुमचे फक्त बूट भरतात, पण त्या माणसाची नुकती लावलेली रोपं जातात. एका बाईंनी इरल्याखालून मान वर करून विचारलं, "ताई, कशापायी पळता एवढ्या पावसात?" मला उत्तर सुचलं नाही.

साम्रदच्या पुढे रतनवाडीकडे जाताना एक ओढा लागतो. नकाशावर बारीक निळी रेघ. आदल्या दिवशीच्या माहितीसत्रात 'गुडघाभर पाणी, दोर लावलेला असेल' एवढंच सांगितलं होतं. मी ११ वाजून ४० मिनिटांनी पोचले तेव्हा दोर होता, पण पाणी मांडीच्या वर होतं आणि रंग चहासारखा. रतनगडाच्या बाजूचे हे कडे उभे आहेत, खाली कातळ. वर जोराची सर आली की पाणी मुरायला जागाच नाही, सगळं पंधरा-वीस मिनिटांत ओढ्यात उतरतं. वरची सर थांबली की तसंच ओसरतंही. दोरापाशी उभ्या असलेल्या गावातल्या मुलांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आम्हाला अडवलं, आणि ते अगदी बरोबर केलं. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर दोर असला तरी उतरू नये, असं माझंही मत आहे. माझा राग अडवण्यावर नाही.

राग यावर आहे की पुढे काय, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. आयोजकांचा एक स्वयंसेवक होता, वय फार तर वीस. त्याच्या वॉकीटॉकीतून खरखर सोडून काही येत नव्हतं आणि मोबाइलला रेंज नव्हती. शर्यतीच्या रतनवाडीच्या चौकीचा कट-ऑफ दुपारी १ चा, म्हणजे त्यानंतर पोचणारा बाद. मी विचारलं, "इथे थांबवलेला वेळ वजा होणार का?" तो म्हणाला, "हो काकू, बहुतेक." काकू ठीक आहे, पण बहुतेक?

मी त्याला म्हटलं, माझा बिब नंबर आणि आल्याची वेळ लिही. त्याच्याकडे वही होती, ती भिजून लगदा झालेली. शेवटी बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीआड धरून, बॉलपेनने लिहिलं. माझ्या मागून येणाऱ्यांचेही नंबर मीच लिहायला लावले. दोघांनी 'कशाला एवढं' म्हणून तोंड फिरवलं. पुठ्ठ्याचा मी फोनवर फोटो काढला. हे लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल: शर्यतीत कुठेही थांबवलं की आधी नंबर, वेळ आणि फोटो.

मग नुसतं उभं राहणं. पळताना अंग गरम असतं, पाऊस जाणवत नाही. थांबल्यावर दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. जुलैत, महाराष्ट्रात, माणूस गारठून आजारी पडू शकतो हे मी आधी हसण्यावारी नेलं असतं. पण वारा, ओले कपडे आणि रिकामं पोट एकत्र आलं की तेवढं पुरतं. सक्तीच्या सामानाच्या यादीत चांदीच्या कागदासारखी ती घडीची चादर होती. तीसेक जणांतल्या निम्म्यांकडे ती होती, उरलेल्यांकडे का नव्हती याचं उत्तर सामान तपासणाऱ्यांनी द्यावं. एका मुलाला हाताची बोटं वळेनात, गुळाच्या चिक्कीचा कागद फाडता येईना. आम्ही त्याला मध्ये घेऊन उभे राहिलो. जवळच्या घरातून एक आजी किटलीभर कोरा चहा घेऊन आल्या. गूळ घातलेला, कडक. पैसे विचारले तर रागावल्या.

थांबावं लागलंच तर जागच्या जागी चालत राहा आणि दर पंधरा मिनिटांनी काहीतरी खा. भूक नसली तरी खा.

पावणेएकच्या सुमारास पाणी उतरू लागलं, १२ वाजून ५५ मिनिटांनी दोर उघडला. आणि रांग? रांग कसली! जे शेवटी आले होते ते दोराजवळ उभे होते, म्हणून ते आधी गेले. मी आवाज चढवला, उपयोग झाला नाही. ओलांडताना पाठीवरच्या पिशवीचे छातीवरचे आणि कमरेचे पट्टे सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर पिशवी तुम्हाला ओढून नेणार नाही. तोंड पाण्याच्या येणाऱ्या बाजूला, पाय घासत आडवं सरकायचं, आणि दोराच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी वाहून जातं त्या बाजूला, राहायचं.

रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाअलीकडे चौकी होती. वेळ १ वाजून २० मिनिटं. टेबलामागचे गृहस्थ, यादीवरून नजर न उचलता: "मॅडम, तुमचं संपलं. जीपमध्ये बसा."

ओढ्यावर तीस माणसं अडवली आहेत, हे त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. आमच्या पायांवर अजून ओढ्याचा चिखल ओला होता, आणि ते म्हणत होते, "आमच्याकडे तशी सूचना नाही." सूचना येणार कुठून, वॉकीटॉकी पोचत नव्हती! मी पुठ्ठ्याचा फोटो पुढे केला. ते म्हणाले, हा काही अधिकृत कागद नाही. मी म्हटलं, तुमच्याच टीशर्टातल्या मुलाचं अक्षर आहे, त्याला बोलवा. वीस मिनिटं हेच चाललं. शेवटी कुठूनतरी मोटारसायकलवर कोणी वरिष्ठ आले, फोटो बघितला आणि 'फोटोत नंबर आहेत त्यांना सोडा' म्हणाले. तोंड फिरवलेले ते दोघे जीपमध्ये बसले. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडंसंच.

उरलेले अठरा किलोमीटर मी रागावर पळाले. कोलटेंभे कधी मागे पडलं कळलं नाही. ५ च्या आत शेंडीला पोचले, मेडल मिळालं, पिठलं-भाकरी मिळाली.

आठवड्याने निकाल लागला. माझी वेळ ओढ्याच्या सव्वा तासासकट धरलेली. चौकीवरची वीस मिनिटंही त्यातच. पाणी चढायच्या आधी जे पाच मिनिटांच्या फरकाने निसटले, ते यादीत माझ्या दीड-पावणेदोन तास वर. ईमेल केला. उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' ती सूचना नव्हती, तक्रार होती. दुसरा ईमेल केला, त्याला हेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं.

मी पुढच्या पावसाळ्यात कुठेही पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारणार आहे: अडवलेला वेळ वजा होतो का, तो कोण नोंदवतं, आणि पुढच्या चौकीला कसं कळतं. आयोजकांना हे फोनवर विचारू नका, फोनवर सगळेच हो म्हणतात.

बुटांचं सांगायचं राहिलंच. नवे बूट घालून जाऊ नका, पण तळाची नक्षी झिजलेलेही नकोत. पाण्याला अडवणारे महागडे बूट या शर्यतीत निरुपयोगी, आत शिरलेलं पाणी बाहेरच जात नाही. जाळीचे घ्या. पायाच्या बोटांमध्ये आणि टाचेला व्हॅसलीन सढळ हाताने लावा, आणि थोडं छोट्या डबीत बरोबर ठेवा, कारण ओढ्यानंतर ते शिल्लक राहत नाही. घरी आल्यावर बूट नळाखाली धरून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. गिझरच्या खोलीत वाळत ठेवले तर तळ सुटतो.