बाळ हाती नसलं तरी बाळंतपण असतं

माझ्या इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, एका मैत्रिणीचं बाळ सातवा महिना सरता सरता पोटातच गेलं. तिला विचारूनच लिहितेय, नाव-गाव टाळलंय.

तिच्या आईचा पुण्याहून पहिला प्रश्न होता, "सिझर करून लगेच मोकळी का करत नाहीत तिला?" डॉक्टर शक्यतो नॉर्मल प्रसूतीच सुचवतात. ऑपरेशनचं दुखणं टळतं, पुढच्या खेपेला गर्भाशयावर व्रण नसतो. आधी शरीराला प्रसूतीसाठी तयार करणारी मिफेप्रिस्टोनची गोळी, मग दीड-दोन दिवसांनी कळा आणायची औषधं. मधल्या काळात घरी जा म्हणाले. मला ते निर्दयी वाटलं. तिला मात्र आपल्या अंथरुणात पडायला मिळालं तेच बरं वाटलं.

प्रसूतीसाठी तिला बाकीच्या बाळंतिणींपासून लांब खोली दिली. अशा आईबापांसाठीच नेमलेली मिडवाइफ असते, ती सोबत होती. बाळाच्या पाळण्यात गार राहणारी गादी घालतात, त्यामुळे बाळाचं शरीर टिकतं, जवळ बसायला घाई होत नाही. हातापायांचे ठसे, फोटो, सगळं विचारून. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बघू नकोस गं, लळा लागेल." सात महिने पोटात वाढवल्यावर लळा लागायचा काय राहिला होता? नवरा आधी नको म्हणाला, दुसऱ्या दिवशी आपणहून गेला. कुणी आग्रह केला नव्हता.

दुधाचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता. ते तिसऱ्या दिवशी आलंच. दूध थांबवायला कॅबरगोलिनची गोळी असते, पण तिचा रक्तदाब वाढलेला, त्यामुळे तिला दिली नाही. मग नीट आधार देणारी ब्रा, गार पट्ट्या, पॅरासिटामॉल. फारच ठणकलं तर जेमतेम सुटका होण्यापुरतं पिळायचं, रिकामं करायचं नाही. जास्त रक्तस्राव, ताप, अंगावरून दुर्गंधी जाणं, एका पोटरीत दुखून सूज, धाप, यातलं काही झालं तर लगेच फोन करा, हेही बजावलं होतं.

मी अळिवाची खीर घेऊन गेले तर आमच्यातल्याच एक बाई म्हणाल्या, "आता हे कशाला?" राग आला मला. रक्त गेलंय, टाके आहेत, कंबर मोडलीये. मूल नाही म्हणून मालीश, शेक, खाणंपिणं सगळं बंद करायचं, हा आपल्याकडचा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

इथे २४ आठवड्यांनंतरच्या मृतजन्माची ४२ दिवसांत नोंद करावी लागते, त्यात बाळाचं नावही घालता येतं, आणि नोकरदार आईला ५२ आठवड्यांची प्रसूती रजा असते. २४ आठवड्यांआधी गेलेल्या बाळाची अशी नोंद होत नाही. अशा बाळांसाठी इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून, हवं असेल तर, एक प्रमाणपत्र मिळतं. बाळ गमावलेल्या कुटुंबांसाठी १९७८ पासून काम करणाऱ्या सँड्स संस्थेच्या हेल्पलाइनवर आई, बाप, आजी, कुणीही बोलू शकतं. मैत्रिणीने नाही, तिच्या नवऱ्याने फोन केला.

हे वाचून "तिकडे सगळं असतं बाई" म्हणायच्या आधी एक सांगते. आपला १९६१ चा मातृत्व लाभ कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) जिथे लागू होता, तिथे गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळायची आणि त्यासाठी त्याचा पुरावा द्यावा लागायचा. मृत जन्मलेलं मूलही त्या कायद्याने मूलच धरलं होतं, म्हणजे तेव्हा रजा प्रसूतीची. पुण्यातल्या माझ्या चुलतबहिणीला ऑफिसात हे कुणी सांगितलं नाही; तिने आजारपणाची रजा टाकली.