ओपन डेला आलेल्या धाराशिवच्या मावशी

२८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमध्ये (पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था) कुणीही येऊन लॅब बघू शकतं, आणि आम्हा पीएचडीवाल्यांचा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घसा बसलेला असतो. माझ्याकडे हीला पेशींचा, म्हणजे लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कॅन्सर पेशींचा, स्टॉल होता. स्टॉल कसला, एक मायक्रोस्कोप, झाकण पक्कं बंद केलेला एक फ्लास्क, त्यात गुलाबी मीडियम (पेशींचं खाद्य), आणि मागे एक पोस्टर ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. शाळेच्या पोरांचे प्रश्न ठरलेले. या चावतात का, हात लावला तर कॅन्सर होतो का (नाही होत), एकाने तर विचारलं की फ्लास्क फुटला तर पुणे संपणार का.

मी आपली सकाळपासून तीच गोष्ट सांगत होते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाची बाई आली, तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा तुकडा तिला न विचारता संशोधनासाठी घेतला, ती त्याच वर्षी ३१ व्या वर्षी गेली पण पेशी मात्र, याच त्या हीला, आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत, साधारण दिवसभरात दुप्पट होतात, आणि तिच्या घरच्यांना हे कळलं वीसेक वर्षांनी. लोक चुकचुकतात, मायक्रोस्कोपमध्ये बघतात, फोटो काढतात, पुढच्या स्टॉलला जातात.

दुपारी एक मावशी आल्या, साठीच्या आसपास, सोबत सहावी-सातवीतली नात. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पिशवीच्या तोंडाचा म्हणलीस ना? आमच्या गावात त्याचीच तपासणी आली होती की. बार्शीच्या दवाखान्याची गाडी यायची."

गाव कुठलं विचारलं तर धाराशिव जिल्हा. मी दोन सेकंद गप्पच झाले, कारण त्या तपासणीवरचा संशोधनाचा पेपर मी जर्नल क्लबमध्ये (लॅबमधली पेपर वाचून चर्चा करायची बैठक) सगळ्यांसमोर प्रेझेंट केला होता आणि त्यातली एक बाई खरंच समोर उभी राहील असं डोक्यातही आलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) यांनी मिळून १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक चाचणी सुरू केली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची), काहींत पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशी पुसून घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायच्या), काहींत व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं, आणि उरलेल्या गटांत तपासणीच नाही, नेहमीसारखं चालू. आठ वर्षं मागोवा घेतला. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी आहे, देशातली पहिली, त्यामुळे खेड्यापाड्यातले मृत्यूही मोजता आले. २००९ मध्ये निकाल आला. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, बाकीच्या दोन पद्धतींनी तसा ठोस फरक दिसला नाही. आज जागतिक आरोग्य संघटना तपासणीसाठी एचपीव्ही टेस्टलाच पहिली पसंती देते, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांमधला हा एक.

मावशींना आठवत होतं की नर्सबाईंनी काडीनं काहीतरी पुसून घेतलं, नंतर बोलावणं आलं, बार्शीला नेलं आणि "गार गार काहीतरी लावलं, पैसे नाही घेतले." म्हणजे क्रायोथेरपी असणार, कॅन्सरच्या आधीचे बदल झालेला भाग गोठवून नष्ट करायचा. त्यांचा गट एचपीव्हीचा होता की पॅपचा, ते एवढ्यावरून मला सांगता येईना. पुढे त्या मुलाकडे पुण्याला आल्या, निकाल वगैरे काही भानगड असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "म्हणजे मी वाचले का त्याच्यामुळं?" असं थेट विचारलं. मी म्हणलं, मावशी, ते कुणालाच सांगता येत नाही, असे बरेच बदल आपोआपही बरे होतात, एकेका बाईचं सांगता येत नाही म्हणून तर हजारोंचं मोजावं लागतं. मग आकडे सांगितले. एचपीव्ही टेस्टच्या गटांतल्या ३४ हजारांत या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, तपासणी नसलेल्या ३१ हजारांत ६४.

त्यांनी जरा विचार केला. "आणि त्या गावांत का नाही केली?"

आता हा प्रश्न जर्नल क्लबला आमच्यापैकी एकाने विचारला होता आणि तिथे मी फटाफट उत्तर दिलं होतं, की तेव्हा तिकडच्या गावांत अशी तपासणी कुठेच नव्हती, तुलनेला कुणी नसेल तर फायदा सिद्ध कसा करणार, त्या बायकांनाही आजाराची आणि तपासणी कुठे होते त्याची माहिती दिली होती. तेच मावशींना सांगितलं. उत्तर चूक नाहीये, पण समोर त्याच जिल्ह्यातली बाई असली की ते फार गुळगुळीत वाटायला लागतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या चौसष्ट जणींनी बी तुमचं काम केलंच की."

मग विषय नातीवर. एचपीव्हीची लस घ्यावी का, तर हो, ९ ते १४ वय उत्तम, या वयात दोन डोस, आणि आपल्याच पुण्यातल्या सिरमची सर्व्हाव्हॅक आहे, २०२२ ला मंजुरी मिळालेली, मुलांच्या डॉक्टरांना विचारा. नातीचं तोंड एवढंसं झालं.

संध्याकाळी आवरताना लॅबमध्ये यावरच बोलणं. इथून साडेचार-पाच तासांवरच्या बार्शीत एवढं काम झालं आणि आम्ही पुणेकरांना दरवर्षी बाल्टिमोर सांगतो! हीला दाखवूच नये असं नाही, ती पेशी बघायला मिळते, आकडे मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाहीत, हे आमच्या गाइड सरांचं म्हणणं बरोबरच आहे. पण यावेळी मी जुनं पोस्टर काढून टाकलंय. नवीन पोस्टर पूर्ण मराठीत, धाराशिव जिल्ह्याचा नकाशा, चार रंगांत तीन तपासण्या आणि चौथा तपासणी नसलेला गट, प्रत्येकाखाली किती बायका आणि किती मृत्यू. फक्त ६४ च्या शेजारी काय लिहायचं यावर सरांचं आणि माझं अजून जमलेलं नाही, त्यांना "नियंत्रण गट" एवढंच पुरेसं वाटतं, मला नाही.