साम्रदच्या अंगणातला करवंदांचा घोस

भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी तंबू ठोकून आकाशदर्शन दाखवणाऱ्यांना माझी हात जोडून एकच विनंती आहे: आधी तो हॅलोजन विझवा.

महाशिवरात्रीनंतरची अमावास्या मुद्दाम साधली होती. सोबत बारा वर्षांचा भाचा. त्याने आयुष्यात डोंबिवलीच्या गच्चीवरून दिसतात तेवढेच तारे पाहिलेले, म्हणजे बोटांवर मोजण्याइतके. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीप. माणशी अठराशे रुपये आधीच भरले होते. पोचलो तर तंबूंच्या दोन्ही टोकांना हॅलोजन, मधे स्पीकर, आणि आकाश दाखवणारा मुलगा हिरवा लेझर फिरवत व्याधाला शुक्र म्हणत होता. दिवे तासभर तरी बंद करा म्हटलं, तर "मॅडम, बाकीच्या पब्लिकला अंधारात भीती वाटते." भाच्याचा चेहरा उतरलेला पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पैसे सोडले आणि त्याच जीपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, साम्रदला माझ्या आत्याकडं चला. तिकडं काय नाय, नुसता अंधार हाय."

साम्रद रतनगडाच्या पायथ्याचं गाव, सांधण दरीच्या तोंडाशी. लोक दरी उतरायला येतात आणि संध्याकाळी परत जातात. आम्ही पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. सत्तरीच्या आजींनी कुठून आलात, किती दिवस राहणार, काही विचारलं नाही. नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा पुढ्यात ठेवला. हात धुऊन मी चाचरतच विचारलं, "आजी, अंगणातला दिवा थोडा वेळ घालवाल का? आम्हाला तारे बघायचेत."

आजींनी बटण दाबलं. मग अंगणाच्या कडेला जाऊन शेजारच्या घराकडे हाक दिली, "ए पोरी, दिवा मालव गं! पाव्हणं चांदण्या बघत्यात." पलीकडचा दिवा गेला. त्याच्या पलीकडचाही गेला.

डोळ्यांना अंधार पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पांढरा उजेड एकदा जरी डोळ्यांत गेला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून फोन आतच ठेवला आणि खळ्याशेजारच्या कातळावर गोधडी टाकून गप्प पडून राहिलो. थंडी चांगलीच होती. हळूहळू आकाश खाली येऊ लागलं. आधी मृग, मग त्याच्या पुढे रोहिणीचा तांबूस ठिपका, आणि त्याहून पश्चिमेला कृत्तिकांचा पुंजका.

"मावशी, सहा आहेत," भाचा म्हणाला.

मी म्हटलं, थेट नको, किंचित बाजूला बघ. अंधारात मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मधोमध नसतात, कडेकडेला असतात. तो बराच वेळ बोलला नाही. मग एकदम, "आठ! नाही, नऊ!"

सहाच मोजल्या असत्या तरी बिघडलं नसतं, कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिका सहाच. पण त्या पुंजक्यात हजारावर तारे आहेत, एकाच ढगातून जन्मलेले, सख्खी भावंडंच. त्यांचा उजेड आमच्यापर्यंत यायला सुमारे 440 वर्षं लागली. म्हणजे तो निघाला तेव्हा शिवनेरीवर महाराजांचा जन्मही व्हायचा होता. आणि ज्या काळ्या कातळाची थंडी गोधडीतून पाठीला लागत होती, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कृत्तिकांचं वय दहा कोटींच्या आसपास. आम्ही सह्याद्रीवर पाठ टेकून त्याच्याहून थोरल्या ताऱ्यांकडे बघत होतो.

आजी केव्हा येऊन बसल्या ते कळलं नाही. दहा बाय पन्नासची दुर्बीण त्यांच्या हातात दिली. दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवून त्यांनी ती धरली, थोडी हलवली, आणि स्थिर झाल्या. किती तरी वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत.

"बाई गं. करवंदाचा घोस."

मग सांगायला लागल्या. लग्न होऊन आल्यावर भात राखायला सासऱ्यांबरोबर माळ्यावर जायच्या. रानडुकरं येतात म्हणून रात्रभर जागायचं. घड्याळ नव्हतं. "कापणीच्या दिसांत ह्यो घोस बरोब्बर डोक्यावर आला का अर्धी रात झाली. मग सासरा निजायचा आन् मी जागायची." मी मनात हिशोब केला. नोव्हेंबरच्या मध्यरात्री कृत्तिका इथे खरंच माथ्यावर असतात. आजी म्हणाल्या, "एवढी वरसं बघितला. पर आत एवढं दाणं असत्यात, कुणी दावलंच नव्हतं."

मी त्यांचा हात धरला. खरखरीत, थंडगार हात होता.

अकरानंतर पुष्य नक्षत्रातला धूसर ठिपका माथ्यावर आला. गॅलिलिओने दुर्बिणीतून त्यात चाळीसहून अधिक तारे पाहिले होते. भाच्याने पंचवीस मोजले आणि तिथेच झोपला. पश्चिमेला मात्र क्षितिजावर मुंबईच्या दिशेने पिवळट उजेड पसरलेला होता. आपण इतक्या लांब येतो आणि आपला उजेड आपल्या मागे येतो, याचं मला फार वाईट वाटलं.

चार वाजता गजर लावून उठले, लाल कागद गुंडाळलेला टॉर्च घेऊन. दक्षिणेला डोंगराच्या काळ्या रेषेवर नरतुरंग हा तारकासमूह आला होता. त्यात साध्या डोळ्यांना एक पुसट तारा दिसतो, पण तो एक तारा नव्हेच. ओमेगा सेंटॉरी, साधारण एक कोटी ताऱ्यांचा बंदिस्त गुच्छ, सतरा हजार प्रकाशवर्षं दूर, सूर्याच्या दुपटीहून म्हातारा. दुर्बिणीत तो पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखा दिसला, कडेला विरळ, मधे दाट.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीचं अमृतेश्वर पाहिलं आणि घरी आलो. पण मला अजून त्या पहाटेबद्दलच सांगायचंय. चुलीतल्या निखाऱ्यांचा तेवढा उजेड दारात होता. आजी कोरा चहा घेऊन बाहेर आल्या. दिवा त्यांनी लावलाच नव्हता.

"घोस मावळला का?"

"कधीच, आजी. मध्यरात्रीनंतर."

त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि दुर्बिणीसाठी हात पुढे केला. "मग ह्यो कोंचा बघतीस?"