काळी एकची बाई

दिवाळीच्या साफसफाईत मावशीची गाण्याची वही निघाली, अन् जिकडे पाहावं तिकडे गाण्याच्या बाजूला लाल पेननी लिहिलेलं, काळी १. गाण्यातलं कळत नसेल तर सांगतो, काळी म्हणजे पेटीची काळी पट्टी, तिच्यावरून गाण्याचा सूर ठरतो; बायका साधारण काळी चार-पाचला गातात, काळी एक म्हणजे खालची, सरळ पुरुषांची पट्टी. मावशी ऐंशीच्या दशकात नागपुरात गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गायची, महाल म्हणा, इतवारी म्हणा, आणि तिच्या वाट्याला एकच माल, जाड आवाजाच्या पॉप गायिका उषा उत्थुप यांची गाणी. लताबाईंची गाणी दुसरीला. सुरुवातीला तिला याचा लय राग यायचा.

मग कुठंतरी तिनी वाचलं की या उषाबाईंना भायखळ्याच्या शाळेत गाण्याच्या तासाला बाहेर काढलं होतं, आवाज बसत नाही म्हणून! नंतर टीचरनी हातात ट्रँगल दिला, की बाई हे तरी वाजव. तमिळ घरातली, पोलिस अधिकाऱ्याची पोरगी. १९६९ मध्ये हीच पोरगी मद्रासला माउंट रोडवरच्या नाइन जेम्स नाइटक्लबात उभी राहिली, समोर लोक ग्लास घेऊन बसलेले आणि ही साडी नेसून इंग्रजी गाणी गाऊन राहिली. मग मुंबईला टॉक ऑफ द टाउन, कलकत्त्याला पार्क स्ट्रीटवरचं ट्रिंकाज (नवराही तिथंच भेटला), मग दिल्लीचं ओबेरॉय, तिथं देव आनंदनी ऐकलं आणि १९७१ च्या हरे रामा हरे कृष्णामध्ये आवाज लागला. कांजीवरम, गजरा, एवढी मोठी टिकली, हे काही सोडलं नाही. फिल्मफेअर मिळालं २०१२ ला, म्हणजे चौसष्टाव्या वर्षी, आणि २०२४ ला पद्मभूषण. बाकी सिनेमाची यादी गूगल करा ना, मला नाइटक्लबवालीच जास्त भारी वाटते.

तर एका मंडळवाल्यानी मावशीला सांगितलं, ताई डिस्को गाणं आहे, चमकीचा गाऊन घाला. मावशी म्हणे, भाऊ, जिचं गाणं आहे ती काय घालते पाह्यलं का? आणि लग्नातल्या हिरव्या शालूवर चढली स्टेजवर.

वही दाखवली तर म्हणे, ते पान जपून ठेव, त्या रात्री लाइट गेली होती, माइक बंद, तरी मी पूर्ण गाणं म्हटलं, मागं पानठेल्यापर्यंत ऐकू आलं.

मी म्हटलं, कोणी सांगितलं?

तर काका लाजले. ठेल्यावर तेच उभे होते बाप्पा.